शेंगा, साखर, सुपारी, संत्रा

“बोलू नको. आधी हातात घेऊ दे.”

असं म्हणून यांनी भूपेंद्रला गप्प केलं आणि पोत्यातून निघालेला गंजका लोखंडी गोळा दोन्ही तळव्यांवर घेतला. आकार नारळाएवढा, पण वजन चांगल्या वरवंट्याचं. यांनी डोळे मिटले, गोळा जरा वरखाली केला, मग अंगठ्यानं त्याची कड चाचपत एक फेरा पूर्ण केला. बाजारात बाया पपई पारखतात तसं.

“काकाजी, झोपले का काय?” भूपेंद्र माझ्याकडे पाहून हसत म्हणाला.

“झोपलो नाही. वजन आयकून राहिलो.”

हे म्हणजे माझे मालक, शालिकराम. सौंसरात कोणालाही विचारा, भोंगेवाले शालिकभाऊ म्हणून घर दाखवतील. लग्नात, जयंतीला, यात्रेत जो पत्र्याचा मोठा भोंगा लावतात त्याच्या बुडाशी एक लोखंडी डबी असते. आवाज तिथं तयार होतो; भोंगा तो फक्त दूर नेतो. त्या डबीला या धंद्यात युनिट म्हणतात. यांनी जन्मभर ही युनिटं दुरुस्त केली. नवी नाही, जुनी. कोणी भंगारातून आणलेली, कोणी दुसऱ्याकडून विकत घेतलेली, कोणाच्या कोठ्यात कडब्याखाली सापडलेली.

भूपेंद्र रामाकोन्याचा. घरची संत्र्याची बाग, वरून मंडप आणि साउंडचा धंदा. आता भोंगे बहुतेक ठिकाणचे उतरले. लोकांना मोठाले बॉक्स लागतात, डीजे लागतो. पण या गड्याला जुन्या वस्तूंचं वेड. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा त्यानं तिथं नवं दुकान घेतलं, आणि दुकानाच्या भिंतीवर त्याला जुन्या भोंग्यांची रांग लावायची होती. पांढुर्ण्याच्या भंगारवाल्याकडून पोतं भरून युनिटं घ्यायची आणि आमच्या अंगणात आणून ओतायची, हा त्याचा नेमच झाला होता. मी रागवायची, कारण अंगण मीच झाडत होते.

“जुनं हाय,” यांनी डोळे उघडले. “लय जुनं. हे स्क्रू पाह्य. एका चिरेचे हायत, आताच्यासारखे फुलीचे नाही. आन ही मान. याचे आटे बारीक हायत. आजकालचा कोणताच भोंगा याले बसणार नाही.”

“कंपनी कोणती म्हणाची मंग?”

“नावाची पट्टी कोणंतरी उपटून टाकली. रिव्हेटची दोन भोकं तेवढी राहिली. कंपनी मी नाही सांगत, खोटं कायले बोलू? पिढी सांगतो. टुरिंग टाकीज येत होती ना, तवाची हाय ही.”

“चालू होईन?”

“पाहू.”

“झालं तर दुकानात मानाच्या जागेवर लावतो. नाही झालं तर सोनेरी रंग मारतो आन लग्नाच्या गेटवर टांगतो. लोक फोटो काढतेत.”

यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो यांच्या वडिलांनाच सोनेरी रंग मारायचं म्हणत होता. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

आतूनच यांची हाक आली. “पुष्पा! इकडे ये वो. चष्मा घेऊन ये.”

“तुमचा का माझा?”

“कोणाचाबी आण!”

मी बाहेर आले तेव्हा यांनी युनिटचं मागचं झाकण उघडलं होतं. आत तपकिरी पडदा होता, पापडासारखा पातळ आणि मधे फुगीर. हा पडदा थरथरतो म्हणून आवाज निघतो. आताचे पडदे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे. हा कापडाचा होता, काहीतरी पाजून कडक केलेला. त्याच्या कडेला एके ठिकाणी नखाएवढी फाट होती, आणि तिच्यावर मलमलीचा तुकडा लाखेनं बसवलेला होता. यांनी चष्मा लावला, युनिट उन्हात धरलं आणि मला म्हणाले, “लाखेत पाह्य.”

लाखेत अंगठ्याचा ठसा होता. ठशाच्या मधून एक तिरपी चीर गेलेली.

“बापूजी,” मी म्हणाले.

यांनी फक्त मान हलवली.

“कोण बापूजी?” भूपेंद्रनं विचारलं.

बापूजींचं पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कधीकाळी कैचीनं त्यांचा अंगठा कापला होता, त्याची ती चीर. हे पोरवयात त्यांच्याकडे कामाला लागले. आम्ही बौद्ध वस्तीतली माणसं. त्या काळी आम्हाला दुकानाच्या आत बसवून कारागिरी शिकवणारे थोडे होते. बापूजींनी यांना पहिल्याच दिवशी आत, आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. पाण्याचा माठ एकच होता, आणि पेलाही एकच. कोणा गिऱ्हाइकानं त्यावरून नाक मुरडलं तर बापूजी त्याचा रेडिओ उघडलेला तसाच परत द्यायचे. हे मला यांनी लग्नानंतर सांगितलं, आणि मग इतक्यांदा सांगितलं की त्या माठाची चवही मला ठाऊक आहे असं वाटतं.

बापूजींचं एक वाक्य आमच्या घरात रोजच्या मिठासारखं होतं. “मीटर चुकते, माणूस चुकते, पण कान चुकत नाही, शालिक.” दुरुस्ती झाली की बापूजी आपल्या पाटावरून हलायचे नाहीत. गुडघे धरले म्हणायचे. यांना पार रेल्वे फाटकापर्यंत पिटाळायचे आणि तिथून आवाज कसा येतो ते आल्यावर विचारायचे. हे सांगतील ते शेवटचं.

“उद्या दुपारी ये,” यांनी भूपेंद्रला सांगितलं. “याले मी सोनेरी रंग नाही लागू देत.”

आता चाचणीचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिथंच घडली.

मी रामाकोन्याकडच्या एका खेड्यातली. कापूस वेचणाऱ्यांच्या घरची. लग्न होऊन आले तेव्हा सासूसमोरही माझं तोंड उघडत नसे. एक दिवस यांनी भोंगा घरावर बांधला, माइक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “मी नाल्यापलीकडे चिंचेखाली जातो. तू बोल.”

“काय बोलू?”

“काहीबी. साफ आलं तर मी खांद्यावरचा दुपट्टा वर करीन. नाही आलं तर बोलतच राह्य.”

हे गेले. मी माइक धरून उभी. समोर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि फळीवर डबे दिसत होते. जे दिसलं ते बोलले. “शेंगा. साखर. सुपारी.” टोपलीत फळं होती. “संत्रा.” पुढे काही सुचेना म्हणून गावाचं नाव घेतलं. “सौंसर.”

हे पळतच परत आले. मला वाटलं, चुकलंच काहीतरी. तर यांचा चेहरा उजळलेला. “तुले कोणं सांगितलं हे?” म्हणाले. “पडदा बिघडला का सगळ्यात आधी स जाते, श जाते. बाकी अक्षरं उशिरा मरतेत. तू बरोबर तेच बोलली!” मला कोणी काही सांगितलं नव्हतं. आमच्या फळीवर डबेच तसे होते.

तेव्हापासून प्रत्येक युनिटची शेवटची परीक्षा तीच. मी घरून बोलायची आणि हे चिंचेखाली उभे. शेंगा, साखर, सुपारी, संत्रा, सौंसर. गल्लीतली पोरं माझी नक्कल करत शाळेत जायची. पुढे त्यांची पोरं करू लागली.

पहिल्या चाचणीनंतर दुसऱ्या दिवशी मी पाटलांच्या शेतात कापूस वेचायला गेले, तर पाटलीणबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन म्हणाल्या, “पुष्पे, तुह्या शेंगा आन साखर आमच्या ओसरीत आली वो काल!” बाया हसल्या. मीही हसले, पण माझ्या हातातलं बोंड तसंच राहिलं. त्या ओसरीवर मी कधी चढले नव्हते. माझ्या घरचंही कोणी चढलं नव्हतं. आवाज आधी जाऊन आला होता. पुढे मी अंगणवाडीत लागले, बायांच्या बैठकीत उभी राहून बोलू लागले, एकदा तर तहसील कचेरीसमोर पाण्यासाठी बोलले. लोक विचारायचे, एवढा धीर कुठून आला? काय सांगू? तो मला एका माणसानं हातात माइक ठेवून दिला होता, आणि स्वतः दूर जाऊन ऐकत राहिला होता.

हे स्वतः मात्र माइकवर कधी बोलले नाहीत. एक शब्द नाही. आमची शेजारीण केसरबाई म्हणायची, “माइकवाला मुका आन बायको पोपट.”

तर गेल्या उन्हाळ्यापासून काहीतरी बिघडलं होतं.

आधी माझ्या लक्षात आलं ते कुकरचं. कुकर शिट्ट्या मारायचा आणि शेजारी बसलेले हे विचारायचे, “डाळ झाली नाही काय अजून?” मग फोन वाजत राहायचा. कामात समजलं ते तिगावच्या विनोदमुळे. त्याच्या युनिटची चाचणी झाली. मी बोलले, पण दुपट्टा वर गेला नाही. हे परत आले, म्हणाले स येत नाही, आणि पडदा बदलला. पुन्हा चाचणी, पुन्हा तेच. पुन्हा पडदा बदलला. विनोद न्यायला आला तेव्हा अंगणात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काकू, मी पयल्या टेस्टिंगच्या वेळी नाल्याजवळच उभा होतो. पयलेच मस्त येऊन राहिलं होतं.”

पडद्यातून स गेला नव्हता. यांच्या कानातून गेला होता.

आमची स्नेहा नागपूरला असते. ती आली तेव्हा तिच्याही ध्यानात आलं. “बाबा, एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ.” हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. “काटोल-मुलताईवरून लोक येतेत, म्हणतेत शालिकभाऊच्या कानाले दाखवा. तो शालिकभाऊ डॉक्टरले कान दाखवाले जाते काय?”

स्नेहा मला आत म्हणाली, “आई, तू सांग.”

मी मान डोलावली, आणि सांगितलं नाही. हात सांगितला असता, पाय सांगितला असता. डोळ्यांचं तर मीच सांगितलं होतं, मोतीबिंदूचं, आणि यांनी निमूट ऑपरेशन करून घेतलं होतं. पण कान हे त्यांचं सगळं होतं. ते सांगायला माझी जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी बापूजींचं युनिट समोर घेतलं. आतल्या चुंबकाभोवतीच्या बारीक फटीत गंजाचा भुगा बसला होता. पोस्टकार्डाच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळून यांनी तो कण कण काढला. तुटलेली तार डाग देऊन जोडली. मग टॉर्चच्या सेलला दोन वायर लावून क्षणभर टेकवल्या. पडदा टक् करून हलला. यांनी बोटानं तो धक्का घेतला आणि हसले. “जिवंत हाय.”

आजच्या भोंग्यांना त्याची मान बसणार नव्हती. पण आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, बापूजींनीच दिलेला एक जुना भोंगा होता, ज्यात चिमण्यांनी कितीतरी पिढ्या वाढवल्या. त्यातला काडीकचरा मी काढला. यांनी युनिटची मान त्याच्या बुडात धरली आणि फिरवली. कुठं अडकली नाही, कुरकुरली नाही, तेल घातल्यासारखी आत गेली.

“पाह्य,” हे म्हणाले, “एकमेकाचेच होते.”

दुपारी यांनी खुंटीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकला आणि नाल्याकडे गेले. मी धाब्यावर माइक घेतला. चिंचेखाली यांचा पांढरा सदरा दिसल्यावर सुरुवात केली.

“शेंगा. साखर. सुपारी. संत्रा. सौंसर.”

माझ्याच अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता. गोल, भरीव, आणि प्रत्येक अक्षराला धार. पलीकडच्या धाब्यावर केसरबाई मिरच्या वाळवत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“पुष्पाबाई, आज काय जादू केली वो? शेंगा म्हटलं तर माह्या तोंडात कुडुम वाजली!”

मी चिंचेकडे पाहिलं. दुपट्टा खालीच होता.

पुन्हा बोलले. जरा जोर लावून बोलले. वस्तीतली कुत्री भुंकू लागली. दुपट्टा हलला नाही. तो पांढरा सदरा थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग मान खाली घालून परत येऊ लागला.

धाब्यावर येऊन यांनी युनिट काढलं आणि मांडीवर घेऊन बसले.

“स नाही येत. श बी नाही. नुसता वारा येते.” झाकणाकडे पाहत म्हणाले, “बापूजीचा जोड सुटला असन.”

“दिसते तर घट्ट.”

“दिसाचं काय? आतून सुटते.” यांनी डबीतून ब्लेड काढलं. “हा तुकडा काढतो आन नवा लावून पाहतो.”

“आन काढताना पडदा फाटला मंग?”

“फाटनच. साठ वर्षांचं कापड हाय.” आवाज अगदी बारीक झाला होता. “असा पडदा आता कुठी भेटत नाही. फाटला तर भूपेंद्रले म्हणतो, मार बावा तुहा सोनेरी रंग.”

ब्लेडचा कागद यांनी उलगडला. झाकण उघडलं. लाखेतला तो अंगठा उन्हात चमकत होता.

मला एवढंच दिसत होतं की आता मी गप्प राहिले तर आपल्या गुरूचा अंगठा हे आपल्या हातानं खरवडून टाकतील, आणि तेही काही बिघडलेलं नसताना. कधी ना कधी विनोद किंवा दुसरा कोणी बोलून जाईलच. त्या दिवशी यांना काय वाटेल? आणि बोलले तर? तर जन्मभराच्या मानाची गोष्ट मी याच क्षणी काढून घेणार.

“थांबा,” मी म्हणाले.

“काहून?”

“मले एकदा चिंचेखाली जायचं हाय.”

“कायले?”

“इतके वर्षं मी इथून बोलली. तिथी कसं आयकू येते ते मले कोणं कधी आयकवलं? आज जुना भोंगा हाय, बापूजीचा हाय. एकदा जाऊ द्या.”

“आन बोलन कोण?”

“तुम्ही.”

“मी?” यांनी ब्लेड खाली ठेवलं. “मले नाही जमत ते. केसरबाईले बोलाव.”

केसरबाईचे कान आमच्याकडेच होते. “मी नाही येत बावा! माह्या मिरच्या हायत. बोला ना भाऊजी, बायकोले जन्मभर बोलाले लावलं, आज तुमच्या तोंडाले काय झालं?”

“तोंडाले काही नाही झालं.”

“मंग बोला!”

हे माझ्याकडे बघत राहिले. मी काही मागणाऱ्यांतली नव्हे. लुगड्यासाठी, बांगडीसाठी कधी हट्ट धरल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे असेल, यांनी युनिट पुन्हा भोंग्याला लावलं. माइक हातात घेतला आणि विंचू धरल्यासारखा अंगापासून दूर धरला.

“जाय,” म्हणाले. “नाल्यात पाय जपून टाकजो.”

जाताना मी यांच्या खांद्यावरून दुपट्टा काढून घेतला.

माझे गुडघे आता बापूजींच्या गुडघ्यांसारखे झालेत. नाल्यातल्या दगडांवरून मी बसत उठत गेले. पलीकडे कापसाची शेवटची वेचणी चालली होती. बाया विचारत होत्या, “मावशी, कुठी चालली वो?” मी म्हटलं, “आयकाले.” त्यांना काय कळलं असेल ते असो.

चिंचेच्या बुंध्याजवळ एक मूळ वर आलेलं आहे. त्याची साल एका ठिकाणी पार गुळगुळीत झाली होती. तिथं पाय टेकवून हे उभे राहत असणार. भर उन्हाळ्यात, थंडीत, कधी तापात सुद्धा. मी तिथंच पाय ठेवला आणि घराकडे तोंड केलं. इथून आमचं घर काडेपेटीएवढं दिसत होतं, आणि धाब्यावर हे उभे होते, पाठ ताठ करून, मास्तरनं उभं केलेल्या पोरासारखे.

आधी नुसती गुरगुर आली. मग खाकरणं. मग यांचा आवाज.

“शेंगा.”

एवढी वर्षं ज्या आवाजाला मी रोज ओ देत आले तोच होता. पण आता शेतावरून, बायांच्या डोक्यांवरून, नाल्यावरून येत होता.

“साखर.”

नव्या विळीवर भेंडी चिरावी तसा स होता.

“सुपारी. संत्रा.” इथं हे थांबले. मला वाटलं विसरले. मग हळूच आलं, “सौंसर.”

एकही अक्षर मेलेलं नव्हतं. बापूजींचा जोड घट्ट होता.

मला दुपट्टा वर करायचा होता आणि हात उचलत नव्हता. तो वर गेला की यांना कळणार होतं. युनिट ठीक आहे हे कळणार, आणि मग उरलेलं काय तेही आपोआप कळणार. कापसातल्या बाया माझ्याकडे बघत होत्या. धाब्यावरचे हे कपाळावर आडवा हात धरून इकडे बघत होते.

मी दुपट्टा वर केला. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर, आणि तसाच धरून ठेवला.

धाब्यावर काही हाललं नाही. भोंग्यातून नुसती बारीक गुरगुर येत होती. हे माइक बंद करायला विसरले होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, एवढ्या लांबून. माझे हात दुखू लागले, पण मी ते खाली केले नाहीत.

मग भोंगा बोलला.

“समजलं.”

मी परत आले तेव्हा ब्लेड कागदात गुंडाळून डबीत गेलं होतं. हे युनिटचं झाकण बसवत होते. स्क्रू आधी बोटांनी फिरवायचे आणि मगच पेचकस लावायचा, ही बापूजींची रीत. मी शेजारी बसले.

“सगळं साफ येत होतं?” यांनी वर न पाहता विचारलं.

“सगळं.”

“साखरेतला?”

“साखरेतला बी, सुपारीतला बी.”

एक स्क्रू बसला.

“मंग विनोदचा पडदा मी फुकटच बदलला.”

“दोनदा.”

“दोनदा,” हे म्हणाले, आणि कसं कोण जाणे, आम्हाला दोघांनाही हसू आलं. यांचं आधी थांबलं. हात झाकणावर तसाच राहिला.

“बापूजी म्हणत, कान चुकत नाही.”

त्याचं उत्तर यांनाच सापडलं, आणि ते सापडताना मी त्यांचा चेहरा पाहत होते. नजर नाल्याकडे होती, पण पाहत दुसरंच काही होते.

“पुष्पा,” हे हळू म्हणाले, “बापूजी कधी फाटकावर आलेच नाही वो.”

“गुडघे धरले होते ना त्याइचे.”

“गुडघे कायचे धरले? सकाळी फिराले जात होते स्टेशनच्या पार पलीकडे. रोज.” यांनी युनिट मांडीवर फिरवून घेतलं. “मलेच धाडत. आल्यावर माह्या तोंडाकडे पाहत. मले वाटे, म्हातारा आळशी हाय. आन गिऱ्हाइकाले सांगत, शालिकचा कान चुकत नाही.” अंगठा झाकणावरून फिरवला. “शालिकचा म्हणत. माझा, असं त्याइनं कधीच नाही म्हटलं.”

खाली गल्लीतून पोरं जात होती. त्यातलं एक यांच्या आवाजाची नक्कल करत ओरडलं, “स-म-ज-लं!” सगळी हसली. यांना ते ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. केसरबाईनं मात्र त्यांना मिरचीची धमकी दिली.

भूपेंद्र चार वाजता आला. यांनी भोंगा चालू करून त्याच्याच हातात माइक दिला. तो दोन शब्द बोलला आणि थक्क होऊन भोंग्याकडे पाहत राहिला.

“काकाजी, हे तर डीजेच्या बापाचं बाप हाय! तुम्ही आयकलं ना चिंचेखालून?”

मी चहाचा कप पुढे करता करता थांबले.

“नाही,” हे म्हणाले. “मले आता वरचे सूर नाही येत. पुष्पानं आयकलं. तिनं पास केलं तं पास हाय.”

भूपेंद्रनं एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता युनिट आपल्या दुपट्ट्यात गुंडाळलं, तान्ह्या लेकराला गुंडाळतात तसं. जाताना म्हणाला, “याच्याखाली पाटी लावतो काकाजी. बापूजी, पांढुर्णा. चालन?”

“चालन,” हे म्हणाले. “रंग नको मारू फक्त.”

स्नेहाला त्या रात्री यांनी स्वतः फोन केला. डॉक्टरांचं काय ते विचारलं. आता कानात यंत्र आहे. त्यानं कुकर ऐकू येतो, फोन ऐकू येतो. पण भोंग्याचा स त्यातून खरा येत नाही म्हणतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

पोत्यात अजून पाच-सहा युनिटं होती. पुढच्या आठवड्यात यांनी त्यातलं एक उघडलं, साफ केलं, तार जोडली, बोटानं धक्का घेतला, धाब्यावर नेऊन बांधलं. मी सवयीनं माइककडे गेले. हे खुंटीजवळ गेले, दुपट्टा काढला, दोनदा झटकला, घडी नीट केली. मग माझ्याजवळ आले, आणि जन्मभर जो आपल्या खांद्यावर टाकून गेले तो त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

“जाय,” म्हणाले. “मी बोलतो.”